वयोस्नेही, ज्येष्ठस्नेही आणि ‘कठडा’

विचारणा : म्हाताऱ्या माणसांना राहायला सोयीचं शहर, या अर्थाने ‘वयोस्नेही शहर’ आणि ‘ज्येष्ठस्नेही शहर’ हे दोन्ही शब्द वाचनात येतात. अर्थ एकच का? आणि हँडरेलला ‘कठडा’ म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद १ : ‘वयोस्नेही’ संधीच्या नियमात बसत नाही. मूळ शब्द ‘वयस्’. पुढे मृदू व्यंजन आलं की विसर्गाचा ‘ओ’ होतो, म्हणून वयोगट, वयोमान, वयोवृद्ध. पुढे ‘स’ असेल तर विसर्ग तसाच राहतो : वयःसंधी. म्हणजे ‘वयःस्नेही’ हवं. ‘मनोकामना’ नियम मोडूनही रुळलाच, तेव्हा हाही रुळेल म्हणा.

प्रतिसाद २ : अर्थ एक नाही. जागतिक आरोग्य संघटनेची या विषयावरची मार्गदर्शिका २००७ची. ३३ शहरांतल्या लोकांशी बोलून तिच्यात आठ विषय ठरवले. मोकळ्या जागा आणि इमारती, वाहतूक, घरं इथपासून लोकांचा सहभाग आणि आदर इथपर्यंत. रोख वृद्धांवर असला तरी भूमिका अशी की त्यांना जमेल ते बाबागाडी ढकलणाऱ्यालाही जमतं. ‘ज्येष्ठस्नेही’ म्हटलं की हा दुसरा भाग गळतो आणि एखादा राखीव बाक टाकून काम संपतं. मी ‘सर्ववयस्क-सोयीचं’ म्हणेन. बोजड आहे, कबूल.

प्रतिसाद ३ : बोजड कशाला, ‘सर्व वयांना सोयीचं शहर’ लिहा! प्रत्येक कल्पनेला सामासिक शब्द हवाच असं नाही.

कठड्याबद्दल मात्र सावध राहा. कठडा माणसाला पडण्यापासून अडवतो. तो धरता यायलाच हवा असं नाही. कामाच्या तपशिलात नुसतं ‘कठडा’ लिहिलं, तर वीतभर रुंदीची भिंतही त्यात बसते, आणि तिच्याभोवती बोटं वळत नाहीत. हवा असतो तो सुमारे ४ सेंटीमीटर जाडीचा गोल दांडा, जमिनीपासून ८५ ते ९५ सेंटीमीटर उंचीवर, भिंतीपासून निदान ४–५ सेंटीमीटर सुटा. शेवटच्या पायरीच्या पुढेही तो ३० सेंटीमीटर जायला हवा, कारण तोल जातो तो पायऱ्या संपल्या असं वाटतं तिथेच. याला ‘आधारदांडा’ म्हणावं. कठडा आणि आधारदांडा दोन्ही लागतात, म्हणून शब्दही दोन हवेत.

प्रतिसाद १ : पटलं. मग ‘उतार’ही तपासा. उतार नैसर्गिकही असतो आणि कितीही तीव्र असू शकतो. रॅम्पला १:१२ ही मर्यादा असते. १५ सेंटीमीटर चढायला १.८ मीटर लांबी. इथे ‘रॅम्प’च बरा.

प्रतिसाद २ : ‘दुभाजक’ही तसाच फसवा. तो वाहनं विभागतो. १२ मीटर रस्ता सेकंदाला १.२ मीटर वेगाने १० सेकंदांत ओलांडता येतो, ०.८ने १५ लागतात. सिग्नल पहिल्या वेगावर बेतलेला असेल, तर सावकाश चालणारा मध्येच अडकतो. तिथे दीड-दोन मीटर रुंद, उभं राहता येईल अशी जागा लागते. तिला ‘विसावा’ म्हणता येईल?

प्रतिसाद ३ : विसावा म्हटलं की कुणी तिथे बाक टाकेल. ‘मधला थांबा’ म्हणा.

प्रतिसाद १ : आणि लोक तिथे बसची वाट बघतील.