महाबळेश्वरचं ‘मांडूळ’ मखमलाबादच्या बागेत?

गोदाकाठ: काल एकाने फोटो टाकला, "महाबळेश्वरला रस्त्यावर मांडूळ सापडलं, गाडीखाली गेलं असतं म्हणून आणून नाशिकजवळ मखमलाबादला मामाच्या द्राक्षबागेत सोडलं, उंदीर खाईल." वाचल्यापासून डोकं फिरलंय. अहो तो खापरखवल्या साप आहे! शेपटी बघा, तिरकी छाटल्यासारखी, खरखरीत, वर माती चिकटलेली, बिळात शिरला की मागून तेच बूच. उंदीर कसला खातोय, गांडुळं खातो तो. अख्खं कुळ भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंकेबाहेर कुठेच नाही, आणि महाबळेश्वरचा हा प्रकार १९५५ साली वेगळा म्हणून नोंदवलाय. त्याला घाटमाथ्याच्या ओल्या मातीतून उचलून बोर्डो (तांब्याचं बुरशीनाशक) मारलेल्या बागेत टाकलंत!

फोटोवाला: त्याच रस्त्यावर तीन चिरडलेले बघितले, म्हणून उचलला. घरी बसून शिकवणं सोपं असतं.

मळेकर: बोर्डोचं काय मधेच? दरवेळी शेतकरीच सापडतो का? पावसाळ्यात द्राक्षावर डावणी रोग आला की आठ दिवसांत बाग जाते, गेल्या साली माझी अर्धी गेली, तेव्हा कोण आलं होतं विचारायला? शेणखत टाकतो आम्ही, गांडुळं भरपूर आहेत.

गोदाकाठ: बाग गेली त्याचं वाईटच वाटतं दादा, पण वर्षानुवर्षं तांबं साठलेल्या मातीत गांडुळं कमीच होतात.

मळेकर: माझ्या मातीत तुम्ही फावडं घातलंय का कधी? एक्सपोर्टचा माल आहे, रेसिड्यू (औषधाचा उरलेला अंश) तपासूनच जातो.

गोदाकाठ: रेसिड्यू द्राक्षात तपासतात, मातीत नाही. आणि फोटोवाले, पाचगणीला मलाही रस्त्यात दिसला होता. काडीने कडेच्या गवतात सरकवला. टोकदार नाक खुपसलं, मानेमागचा भाग फुगवून माती बाजूला रेटली, मग बाकीचं अंग ओढून घेतलं, दोन मिनिटांत गडप. चावला नाही, विष तर नाहीच. एवढंच करायचं होतं तुम्ही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असा उचलून आणणं गुन्हा आहे, ते वेगळंच.

फोटोवाला: बरं, मांडूळ नाही, मान्य. पण चिरडू द्यायचा नव्हता हे माझं अजून तेच आहे. सकाळी परत गेलो होतो, सोडला तिथे नुसता चिखल, भोकसुद्धा दिसलं नाही.

मळेकर: कुठल्या ओळीत सोडला ते मामांना विचारून सांग. तेवढी ओळ फवारू नका म्हणावं. बाकी बोर्डोबद्दल मी माघार घेतलेली नाही.