शब्दचर्चा: 'होल्टेज', 'करंट' आणि 'लोड', पुस्तकातले आणि मोटारीजवळचे

यावल (प्रश्न)

शाळेच्या पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा, रोध असे शब्द आहेत. केळीच्या मळ्यात मात्र 'होल्टेज', 'करंट' आणि 'लोड' या तिघांवर सगळे भागते. त्यातही 'करंट' एकाच दिवसात तीन अर्थांनी येतो. 'लाइनला करंट नाही' म्हणजे पुरवठा नाही, 'मोटार करंट जास्त घेते' म्हणजे अँपिअर वाढले, 'पेटीत करंट उतरला' म्हणजे हात लावू नका. यांच्या नेमक्या जोड्या कशा लावायच्या? दुसरे असे, की ओहमच्या नियमाप्रमाणे दाब उतरला की धाराही उतरायला हवी. इथे उन्हाळ्यात दाब उतरतो तेव्हा मोटारीचे अँपिअर चढतात आणि वाइंडिंग (आतले तारेचे वेटोळे) जळते. मग चूक नियमात आहे की आपल्या शब्दांत?

चोपडा

नियम बरोबर आहे. तो मोटारीला जसाच्या तसा लावणे चूक आहे.

आधी शब्द घेऊ. 'विभवांतर' जड वाटतो, पण त्यातले 'अंतर' फार कामाचे आहे. एकट्या तारेचे व्होल्टेज असे काही नसते. ते नेहमी दोन बिंदूंमध्ये मोजले जाते. दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट असतील तर त्याच लाइनवर फेज आणि न्यूट्रलमध्ये २४० मिळतात, कारण ४१५ भागिले १.७३ म्हणजे २४०. 'दाब' हा शब्द सोपा आहे, मी तोच वापरा म्हणेन, पण 'कशाच्या आणि कशाच्या मध्ये' हे सोबत बोललेच पाहिजे. धारा म्हणजे तारेच्या छेदातून दर सेकंदाला जाणारा प्रभार: १ सेकंदात १ कूलोम गेला की १ अँपिअर. दाब असतो, धारा वाहते. स्विच बंद असला तरी त्याच्या वरच्या टोकाला दाब असतो, धारा नसते. म्हणून 'लाइनला करंट नाही' याऐवजी 'लाइनला पुरवठा नाही' म्हणावे. अहिराणीतले 'लाइट उनी का?' या बाबतीत जास्त नेमके आहे. तिथे लाइट म्हणजे पुरवठाच, दुसरे काही नाही.

ओहमने १८२७ साली मांडलेला नियम वाहकाचे तापमान आणि इतर भौतिक स्थिती कायम असताना लागू होतो. हीटर, तार, अर्थिंगचा रॉड यांना तो चालतो. मोटार फिरायला लागली की तिच्या वाइंडिंगमध्ये उलट दाब तयार होतो आणि तोच धारा आवरून धरतो. बाहेरचा दाब उतरला तरी पाणी तेवढ्याच खोलीवरून ओढायचे असते. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर दाबाच्या वर्गाप्रमाणे घटतो: ४१५ चे ३५० झाले की त्याच घसरीला मिळणारा टॉर्क ७१ टक्क्यांवर येतो. घसर म्हणजे स्लिप: मोटारीतल्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या मागे रोटर, म्हणजे तिचा फिरणारा भाग, जितका राहतो ते. दाब उतरला की रोटर आणखी थोडा मागे पडतो, घसर वाढते, रोटरमधली धारा वाढते आणि तिच्यासोबत लाइनची धाराही.

आकडे पाहा. ५ अश्वशक्ती म्हणजे ३,७३० वॅट. कार्यक्षमता ८० टक्के आणि पॉवर फॅक्टर (धारेचा कामी येणारा वाटा) ०.८५ धरला तर ४१५ व्होल्टवर सुमारे ७.६ अँपिअर लागतात. ३५० व्होल्टवर तेच काम करायला साधारण ९ अँपिअर. उष्णता धारेच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ ४० टक्के जास्त. त्यात नेहमीच्या मोटारी भोवतालची हवा ४० अंश सेल्सिअस धरून आखलेल्या असतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. विहिरीच्या काठावर उघड्यावर असलेल्या मोनोब्लॉकला (मोटार आणि पंप एकाच अंगात) ते ५ अंश फार जड जातात.

शिरपूर

वरच्या उत्तराला 'लोड'ची जोड हवी, कारण गोंधळ खरा तिथेच आहे. मंजूर लोड, पंपाचा लोड आणि डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) लोड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला बिलावर असतो, दुसरा शाफ्टवर, तिसरा रोहित्राच्या वाइंडिंगवर.

पंपाच्या लोडबद्दल एक पक्का गैरसमज आहे: 'व्हॉल्व्ह दाबला की मोटारीवर लोड येतो.' विहिरीवरच्या नेहमीच्या सेंट्रिफ्युगल पंपात उलट घडते. व्हॉल्व्ह दाबला की पाणी कमी जाते आणि अँपिअर उतरतात. विहीर तुडुंब भरली की उचल कमी होते, पाणी जास्त फेकले जाते आणि अँपिअर चढतात. म्हणून पावसाळ्यानंतर तोच पंप ओव्हरलोडवर पडायला, म्हणजे जास्त धारेने आपोआप बंद व्हायला लागला तर आधी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा दाबून मीटर पाहावा. पूर्ण बंद करून मात्र चालवू नये, आतले पाणी उकळते आणि सील जाते.

रावेर

'डीपी' या शब्दावर. गावात डीपी म्हणजे खांबांवरचा ट्रान्सफॉर्मर, आणि वीज खात्याच्या मराठीत तो 'रोहित्र'. जनित्र, चलित्र, धारित्र आणि रोहित्र यांच्या शेवटी तेच '‑इत्र' आहे जे 'खनित्र' या जुन्या शब्दात आहे: ज्याने खणतात ते खनित्र, ज्याने वीज जन्मते ते जनित्र. रुह् म्हणजे चढणे, वाढणे. शब्द चढण्याचा असला तरी शेतातले रोहित्र दाब उतरवते: ११,००० व्होल्टचे ४३३.

क्षमता किलोव्होल्ट-अँपिअरमध्ये लिहितात, किलोवॅटमध्ये नाही, कारण रोहित्र तापते ते धारेने. त्या धारेचा किती भाग कामी आला याच्याशी त्याला देणेघेणे नसते. १०० किलोव्होल्ट-अँपिअरच्या डीपीतून प्रत्येक फेजला १३३ अँपिअर मिळतात. ७.६ अँपिअरच्या १७ मोटारी झाल्या की ती भरली. पुढची मोटार जोडली की सगळ्यांचाच दाब उतरतो, मग वर सांगितल्याप्रमाणे प्रत्येकाचे अँपिअर चढतात आणि त्याने दाब आणखी उतरतो. डीपी जळते ती या चक्रात. मोटारीला योग्य कपॅसिटर जोडला तर लाइनची धारा खरोखर कमी होते. त्याला 'कंडेन्सर' म्हणणे जुने आहे, चुकीचे नाही.

धुळे

चुंबकाकडचे शब्द राहिले. पुस्तकातला 'नालकुंतल' ऐकून मुले बिचकतात. नाल म्हणजे पोकळ दांडा, कुंतल म्हणजे केसांची बट. नळीवर गुंडाळलेली तार. स्टार्टरमधली नोव्होल्ट कॉइल (कॉन्टॅक्टर म्हणजे मोटारीचा स्विच ओढून धरणारी आणि पुरवठा गेला की सोडणारी) हे नालकुंतलच आहे, आत लोखंडी गाभा असलेले. मुलांना तीच उघडून दाखवावी. तिची ओढ चुंबकीय फ्लक्सच्या वर्गाप्रमाणे असते, म्हणून दाब ८५ टक्क्यांखाली गेला की कॉन्टॅक्टर घट्ट पकडेलच याची खात्री राहत नाही. तो थरथरतो, संपर्क जळतात आणि एखादा फेज तिथेच तुटतो.

'प्रवर्तन' आणि 'परिवर्तन' यांची गल्लत करू नये. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवले ते प्रवर्तन: बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तारेत दाब निर्माण होणे. टाँगटेस्टर, म्हणजे तार न तोडता धारा मोजणारा चिमट्यासारखा मीटर, त्यावरच चालतो. त्याचा जबडा एकाच तारेभोवती घालायचा. तिन्ही फेज एकत्र धरले तर क्षेत्रे एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो, मग 'मोटार करंटच घेत नाही' असा निष्कर्ष निघतो. १० अँपिअरच्या तारेपासून १ सेंटिमीटरवर क्षेत्र फक्त २ गाउस असते, आणि १ टेस्ला म्हणजे १०,००० गाउस. जबडा धुळीने अर्धवट मिटला तरी आकडा चुकतो तो यामुळेच.

यावल

आभार. 'अर्थिंग' आणि 'न्यूट्रल' यांत पुस्तक 'भूसंपर्क तार' आणि 'तटस्थ तार' असा भेद करते. शेतात मात्र एक फेज आणि जमिनीतला रॉड यांवर बल्ब लावतात आणि त्यालाही अर्थिंगच म्हणतात.

चोपडा

हा शब्दांचा गोंधळ जीव घेतो, भाऊ. न्यूट्रल रोजची धारा परत नेण्यासाठी असते. अर्थिंग फक्त बिघाडाच्या वेळी धारा नेण्यासाठी. रॉडचा रोध १० ओहम धरा: त्यातून ५ अँपिअर नेले की रॉड आणि दूरची जमीन यांत ५० व्होल्ट. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, रॉडपासून सुटते, रोध ४० ओहमवर गेला तर त्याच रॉडवर शंभराच्या वर व्होल्ट उभे राहतात. ओल्या पायाने जवळ गेलेल्या बैलाला चार पायांमधला दाब पुरतो. इथे ओहमचा नियम अगदी जसाच्या तसा लागतो. अर्थिंगचा खड्डा कोळसा-मिठाने भरून उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहावे, आणि त्यावर बल्ब लावू नये.

जळगाव

'युनिट'बद्दल थोडक्यात: १ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास, ऊर्जेचे माप. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राचा संच ५०० मेगावॅटचा आहे म्हणतो तेव्हा ती शक्ती. मोटारीवरची अश्वशक्ती शाफ्टवर मिळणारी असते, म्हणून ५ अश्वशक्तीची मोटार लाइनकडून सुमारे ४.७ किलोवॅट घेते. ८ तासांचे ३७ युनिट.

शिरपूर

'फेज गेला' हेही सुटू नये. चालत्या मोटारीचा एक फेज गेला तर ती थांबत नाही, उरलेल्या दोन तारांतली धारा साधारण १.७ पट होते. थांबलेली मोटार मात्र सुरूच होत नाही, नुसती घूं करते आणि काही मिनिटांत जळते. ओव्हरलोड रिले (धारा वाढली की मोटार बंद करणारा) मोटारीच्या प्लेटवरच्या अँपिअरला लावावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (वाइंडिंगची जोडणी बदलून मोटार हळू सुरू करणाऱ्या) रिले वाइंडिंगच्या तारेत असेल तर त्या आकड्याच्या ०.५८ पट, म्हणजे १४ अँपिअरच्या मोटारीला ८. तो १४ वर ठेवला की रिले पडतच नाही, मोटार जाते.

स्टार्टरच्या झाकणावर आतून एवढे लिहून ठेवा: 'दाब, लाल-पिवळा, पिवळा-निळा, निळा-लाल: व्होल्ट. धारा, लाल, पिवळा, निळा: अँपिअर. विहिरीतले पाणी: फूट. तारीख.' दर महिन्याला एक ओळ. मोटार दुरुस्तीला नेताना ते झाकण सोबत न्यावे.