टिम टीबोच्या कारकिर्दीला अपयशी म्हणावे का?

रानवारा:
अमेरिकन फुटबॉलमधील अपयशी खेळाडूंची चर्चा निघाली की टिम टीबोचे नाव हमखास घेतले जाते, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. या खेळात आक्रमणाच्या बहुतेक चालींच्या सुरुवातीला चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येतो. तो फेकायचा, सहकाऱ्याकडे सोपवायचा की स्वतः घेऊन धावायचे, हे त्याला काही क्षणांत ठरवावे लागते. टीबोने ही जबाबदारी गेन्सव्हिलच्या फ्लॉरिडा विद्यापीठासाठी निभावली. 2006 ते 2009 या चार हंगामांत विद्यापीठाने दोनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पहिल्या वेळी तो ख्रिस लीकचा बदली खेळाडू होता, दुसऱ्या वेळी मात्र संघाचा सारा भार त्याच्यावर होता. 2007 मध्ये त्याने टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवून गुण मिळवून देणारे, 32 पास दिले आणि 23 टचडाउन स्वतः धावून केले. महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइजमन ट्रॉफी दुसऱ्याच वर्षात मिळवणारा तो पहिलाच खेळाडू ठरला.

आकड्यांपेक्षाही मला 2008 चा हंगाम महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबरमध्ये घरच्याच मैदानावर मिसिसिपी विद्यापीठाकडून 31-30 असा पराभव झाला, तेव्हा शेवटच्या निर्णायक चालीत चेंडू आपल्याकडे राखण्यासाठी हवा असलेला एक यार्ड टीबोला मिळू शकला नव्हता. पत्रकारांसमोर त्याने चाहत्यांची क्षमा मागितली आणि उरलेल्या हंगामात आपल्याइतके कष्ट घेणारा दुसरा खेळाडू कोणाला दिसणार नाही, असे वचन दिले. त्यानंतर संघ एकही सामना हरला नाही, आणि ओक्लाहोमाला 24-14 असे नमवून विजेता झाला. ज्याने हे केले त्याची कारकीर्द तिथेच सार्थकी लागली. पुढे व्यावसायिक लीगमध्ये काय झाले, त्यावरून या चार वर्षांचे मोल ठरवणे अन्यायाचे आहे.

धुळाक्षर:
आपल्या भावनेचा मी आदर करतो, पण निष्कर्ष मला मान्य नाही. त्या संघात पर्सी हार्विन, पाऊन्सी बंधू असे गुणी सहकारी होते, आणि प्रशिक्षक अर्बन मायर यांची पद्धतच अशी होती की धावू शकणारा धिप्पाड क्वार्टरबॅक बचावफळीला कोड्यात टाकत असे. 2006 मध्ये लुइझियाना स्टेटविरुद्ध टीबोने दिलेला तो प्रसिद्ध पास आठवा. तो चेंडू घेऊन थेट बचावफळीकडे धावला, सगळे त्याला अडवायला पुढे सरसावले, आणि ऐन वेळी थबकून त्याने उडी मारत त्यांच्या डोक्यावरून चेंडू अलगद सोडला. चाल अप्रतिम होती, यात वाद नाही. पण तिचे यश समोरच्यांच्या फसण्यावर उभे होते.

मूळ दोष त्याच्या फेकीत होता. फेकण्यापूर्वी चेंडू कमरेपर्यंत खाली येई, मग हात मोठा वळसा घेऊन वर जाई. महाविद्यालयात तेवढी उसंत मिळत होती, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये मिळत नाही. विद्यापीठात त्याचे शंभरातले साधारण 66 पास अचूक पोचत. 2011 मध्ये एनएफएलच्या डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाकडून खेळताना हे प्रमाण 46.5 टक्क्यांवर आले. कॅन्सस सिटीविरुद्धचा सामना तर डेन्व्हरने त्याचे आठांपैकी केवळ दोन पास पोचलेले असताना जिंकला, आणि त्याचे श्रेय बचावफळीला व धावून खेळण्याला द्यावे लागेल.

सांजपर्व:
रानवारा, तुम्ही एक गोष्ट बाजूला ठेवता आहात, आणि ती पैशांची आहे. ज्या काळात मायर यांचे मानधन वर्षाला सुमारे 40 लाख डॉलरपर्यंत गेले, त्या काळात टीबोला शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्याची नियमानेच मनाई होती. स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभा महाविद्यालयीन खेळाडूंना जुलै 2021 मध्ये मिळाली. त्यापूर्वीच्या खेळाडूला त्याच्या खेळाचा मोबदला मिळायचा तो व्यावसायिक लीगमध्येच. मग महाविद्यालयातच कारकीर्द सार्थकी लागली असे म्हणणे हे मैदाने भरवणाऱ्या विद्यापीठांच्या सोयीचे बोलणे नाही का?

रानवारा:
मोबदल्याविषयीचे तुमचे म्हणणे मला पूर्ण पटते, आणि त्या नियमांचे समर्थन मी कधीही करणार नाही. पण खेळाडूला काय मोलाचे वाटले, हेही विचारात घ्या. जानेवारी 2009 मध्ये विजेतेपद हाती असताना एनएफएलचा रस्ता त्याला मोकळा होता, तरी विजयाच्या सोहळ्यात त्याने आणखी एक वर्ष खेळण्याचे जाहीर केले.

आणि धुळाक्षर, त्याला पास देताच येत नव्हता असे चित्र उभे करू नका. महाविद्यालयातील अखेरच्या सामन्यात, सिनसिनाटीविरुद्धच्या शुगर बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या लढतीत, त्याचे 35 पैकी 31 पास पोचले आणि त्यांतून 482 यार्ड मिळाले. जानेवारी 2012 मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सविरुद्ध जादा वेळेतील पहिल्याच चालीत डिमॅरियस थॉमसला दिलेल्या पासवर 80 यार्डांचा टचडाउन झाला, आणि डेन्व्हरने तो बाद फेरीचा सामना 29-23 असा जिंकला. त्या हंगामात सुरुवातीपासून खेळवलेल्या 11 साखळी सामन्यांपैकी सात त्याने जिंकले होते. दोनच महिन्यांत नामवंत क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगला करारबद्ध करून त्याला न्यूयॉर्क जेट्सकडे धाडण्यात आले. त्याला शिकायला पुरेसा वेळच दिला गेला नाही.

धुळाक्षर:
त्या पासनंतरच्या आठवड्यात न्यू इंग्लंडने डेन्व्हरला 45-10 असे हरवले, तेही सांगायला हवे होते. मॅनिंगसारखा क्वार्टरबॅक मिळत असताना कोणत्याही संघाने तेच केले असते, आणि पुढे मॅनिंगने डेन्व्हरला सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकून दिलाही. महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमने 2023 मध्ये टीबोचा गौरव केला, तो मला सर्वस्वी योग्य वाटतो. त्या पातळीवर तो थोरच होता.

माझी तक्रार त्याच्या एका निर्णयाविषयी आहे. 2010 मध्ये एनएफएलच्या संघांनी नवे खेळाडू निवडण्यापूर्वीच अनेक जाणकार सांगत होते, की एवढी ताकद आणि जिद्द असलेल्या मुलाने दुसऱ्या जागेवर खेळावे. त्याने क्वार्टरबॅकच राहण्याचा आग्रह धरला. टाइट एंडच्या, म्हणजे पास झेलणाऱ्या आणि बचावपटूंना अडवणाऱ्या खेळाडूच्या, जागेसाठी तो एनएफएलच्या जॅक्सनव्हिल संघात उतरला तो थेट 2021 मध्ये, वयाच्या 33व्या वर्षी, पुन्हा मायर यांच्याच हाताखाली, आणि हंगाम सुरू होण्याआधीच त्याला वगळण्यात आले. हाच बदल त्याने बाविसाव्या वर्षी स्वीकारला असता, तर आज आपण बहुधा दहा वर्षांच्या व्यावसायिक कारकिर्दीविषयी बोलत असतो. वेळ दिला नाही, हा दोष संघांच्या माथी मारताना हा विचार आपण केला आहे का?