रिंगणासाठी टेली: १०५ प्राइम की ८०-२०० झूम?

काजळी
यंदा आषाढात माउलींच्या पालखीबरोबर लोणंदपासून वाखरीपर्यंत चालायचं ठरलंय. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण आणि पुरंदावड्याचं गोल रिंगण कृष्णधवल फिल्मवर टिपायचं आहे. बॉडी निकॉन एफएम२, फिल्म ट्राय-एक्स ४००, हाताशी फक्त ५० एमएम. सेकंडहँड एकच टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, परवडेल: १०५ एफ/२.५ प्राइम (एकाच मापाची) किंवा ८०-२०० एफ/४.५ झूम. एफचा आकडा जितका लहान, तितकं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, मोठं. माझं मत १०५ला. पावसाळी उजेडात झूम जवळजवळ पावणेदोन स्टॉप मागे पडते (एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा). शिवाय एफएम२वर फोकस आपल्याच डोळ्यांनी करायचा. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध जी दुभंगलेली प्रतिमा जुळवतो, तिचा अर्धा भाग एफ/४.५ला डोळा जरा सरकला तरी काळा पडतो. ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा.

माळरान
अजिबात पटत नाही. गोल रिंगण तुम्ही पाहिलंय का? एकदा दिंड्या लागल्या, गर्दी बसली, की जिथे जागा मिळाली तिथेच तुम्ही. दोन पावलं पुढे जाऊ म्हणाल तर ते रिंगणच मोडणं झालं. समोरच्या कडेने अश्व येतो तेव्हा १०५मध्ये तो बोटभर दिसेल. २००वर निदान पळणारे खूर आणि मागे टाळकऱ्यांचे चेहरे मिळतील.
उजेडाचं म्हणाल तर हिशेब करा. चांगल्या ढगाळ हवेत ४००च्या फिल्मला एफ/५.६ आणि १/५०० सेकंदाचा शटर वेग सहज मिळतो. २०० एमएम हातात धरायला १/२५० पुरतं, म्हणजे एक स्टॉप शिल्लकच. भर दुपारी एफ/२.५ कशाला हवंय?

अंधारखोली
माळरान, हिशेब बरोबर, पण कोरड्या ढगांचा. सर धरून आली की दोन स्टॉप बघता बघता जातात. मग २००वर एफ/४.५ला १/२००च्या आसपास येता. घोडा राहू द्या, पताकाही हललेली येईल. त्याच क्षणी १०५वाला १/६००च्या पुढे आहे.
आणि टेली म्हणजे लांबचंच, असं कुणी सांगितलं? स्टीव्ह मॅकरीने १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या त्या अफगाण मुलीचा फोटो काढला, तो एफएम२ आणि १०५ एफ/२.५वरच. वारीत असे चेहरे पावलोपावली आहेत. डोक्यावर तुळस घेतलेल्या आजीसमोर पाऊण किलोची लांबलचक झूम रोखू नका हो.

माळरान
ती मुलगी त्याच्या समोर स्थिर होती. धावता अश्व एफ/२.५वर पकडून दाखवा! चौकटीत घोडा तेवढाच मोठा ठेवला, तर एफ/२.५ला खोलीत जेमतेम हात-दोन हात स्पष्ट येतं. एफ/५.६ला त्याच्या दुप्पट. त्यामुळे रिंगणात तुमची ती मोठी काच शेवटी ४ किंवा ५.६वर बंद करूनच वापरणार. आजीच्या चेहऱ्याबद्दल मात्र तुमचं मान्य, तिथे मीही १०५च लावीन.
आणि उभ्या रिंगणाचं काय? दोन रांगांमधून अश्व अंगावर आल्यासारखे येतात. दूर असताना २००, जवळ येताच ८०. जुन्या ८०-२००ला झूम आणि फोकसची एकच रिंग असते, ती ओढत ओढत दोन्ही जमतं.

देशावरचा
मधला मार्ग म्हणून १३५ एफ/२.८ बघा.

अंधारखोली
रिंग ओढत, फोकस धरत, अश्वाबरोबर कॅमेरा फिरवत? सवय असलेल्याला जमेल. काजळीताईंनी आजवर टेली लावलेलीच नाही. उभ्या रिंगणात रस्त्यावरचा एखादा दगड हेरायचा, त्याच्यावर आधीच फोकस लावून ठेवायचा आणि अश्व तिथे पोचण्याच्या किंचित आधी बटण दाबायचं. याला १०५ उत्तम. एका रोलमध्ये ३६ फोटो, त्यात चौकट आधी मनात ठरलेली असली तर फिल्म वाया जात नाही. हे मी मनापासून सांगतोय, प्राइमने नजर घडते.

माळरान
नजर घडायला वर्षभर आहे, गोल रिंगण वर्षातून मोजक्या वेळा. मी झूमवरच ठाम आहे.

कोकणकडा
दोघांचं चालू द्या. काजळीताई, कुठलीही घेतलीत तरी घेताना हे बघाच. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. अ‍ॅपर्चरची पाती तेलकट नकोत. आणि लेन्स एआय हवी (अ‍ॅपर्चर किती लावलंय ते कॅमेऱ्याच्या मीटरला कळवणारी निकॉनची पद्धत), म्हणजे १९७७पासूनची किंवा नंतर तशी करून घेतलेली. अ‍ॅपर्चर रिंगवर आकड्यांची दुसरी बारीक ओळ असेल तर बहुधा एआय. त्याआधीची जुनी लेन्स एफएम२वर चढवू नका, मीटरची कडी मोडू शकते. फिल्टर तुमच्या ५०चाच चालेल, या दोन्हींना ५२ एमएमच लागतो. पण पिवळा फिल्टर लावलात तर आणखी एक स्टॉप गेला, तो या सगळ्या हिशेबात कुणी धरलेला नाही.

काजळी
गोल रिंगणात जागा सोडता येत नाही, या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. तरी १०५च घेते. मला अश्वापेक्षा त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावणारी माणसं हवी आहेत, आणि ती रिंगण सुटल्यावर जवळच असतात. माळरान, गोल रिंगणाला तुम्ही असाल तर दोघांचे फोटो इथेच शेजारी शेजारी लावू.

माळरान
आहे पुरंदावड्याला. एचपी५ या ४००च्या फिल्मचा एक रोल ८००ला ताणायला (८००ची समजून काढायला आणि जास्त वेळ धुवायला) ठेवा, सरीत कामाला येईल.