साखर घालायच्या आधीच बासुंदीला रंग कुठून येतो?

प्रश्न: काल दोन लिटर म्हशीचं दूध आटवत होते. साखर अजून घातलीच नव्हती, तरी बदामी रंग आला. सासूबाई म्हणाल्या, दूध लागलं. पण तळाला काहीच चिकटलं नव्हतं.

उत्तर: ताई, दूध लागलेलं नाही. दुधाची स्वतःची साखर असते, लॅक्टोज, जवळपास ५ टक्के. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज जोडून झालेली. तिचं एक टोक मोकळं असतं. ते केसीन प्रथिनातल्या लायसीन या अमिनो आम्लाच्या नायट्रोजनशी जोडलं जातं आणि पुढे तो रंग, तो खमंग वास तयार होतो. फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ साली ही अभिक्रिया मांडली. अकरावीच्या वर्गात मी भाकरीवरचे तपकिरी डाग दाखवून हेच शिकवते. मुलांचे डोळे चमकतात!

दुसरा प्रश्न: मग उसाची साखर आधीच घातली तर रंग वाढेल?

उत्तर: फारसा नाही. तिच्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची कामाची टोकं एकमेकांतच अडकलेली असतात. चिमूटभर खायचा सोडा मात्र रंग लवकर आणतो.

प्रश्नकर्ती: आत्ताच वाटीभर दुधात सोडा घालून आटवलं. खरंच लवकर लालसर झालं. सासूबाईंना बोलावून दाखवलं.