छोट्या धंद्याला लोगो चित्राचा हवा की नुसत्या नावाचा?

अक्षरमित्र (मूळ पोस्ट): छोट्या व्यवसायाने चित्राच्या फंदात पडू नये. नाइकीने १९७१ मध्ये ते बाकदार चिन्ह अवघ्या ३५ डॉलरना करून घेतले खरे, पण नाव गाळून नुसत्या चिन्हावर विसंबायला १९९५ उजाडले. स्टारबक्सनेही नाव काढले ते २०११ मध्ये. ज्यांचे नावच अजून कोणाला ठाऊक नाही, त्यांनी ते सुबक अक्षरांत लिहावे. बाकी सारी हौस आहे.

लालबागची मिरचीवाली: ‘हौस’ हा शब्द वाचला आणि हातातले काम बाजूला ठेवून लिहायला बसले. माझ्या दुकानाच्या नावात ‘मालवणी मसाले’ हे शब्द आहेत आणि आमच्या गल्लीत तेच शब्द असलेल्या पाट्या दर चार पावलांवर आहेत. अक्षरे कितीही सुबक काढली, तरी गिऱ्हाइकाने मला शेजारच्यापासून वेगळे कसे ओळखायचे? म्हणून पुडीवर मुसळ धरलेला बांगड्यांचा हात छापला. तो हात माझ्या सासूबाईंचा आहे. कांडपयंत्र येण्याआधी त्या स्वतः मिरची कांडत असत. आज डोंबिवलीहून येणारी बाईसुद्धा ‘ती मुसळवाली पुडी द्या’ असेच म्हणते, दुकानाचे नाव तिला आठवतही नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मतपेट्यांवर चिन्हे लावली होती, तीही काय हौस म्हणून? शिवाय आमच्या वकिलांनी सांगितले की १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात केवळ मालाचे वर्णन करणाऱ्या शब्दांची नोंदणी सहसा होत नाही. चित्राची होते.

पार्लेकर: काकू, चित्राची नोंदणी होते, पण तिच्यामुळे फक्त मुसळ तुमचे होते, ‘मालवणी मसाले’ हे शब्द सगळ्यांचेच राहतात. आता माझी फजिती सांगतो. घरगुती भाजणीसाठी मी हौसेने (होय, हौसेनेच) गोल मुद्रा करून घेतली: मध्ये जाते, दोन्ही बाजूंना कणसे, वर नाव, खाली घोषवाक्य. संगणकावर ती राजमुद्रेसारखी दिसत होती. रबरी शिक्का करून कागदी पिशवीवर उमटवला, तेव्हा शाईने कणसांमधल्या फटी बुजून गेल्या आणि एका आजींनी विचारले, ‘पिशवीवर झुरळ कशाला काढले आहे?’ तेव्हापासून माझे मत असे, की लोगो कोणत्या प्रकारचा हा वाद नंतर घालावा, आधी तो काळ्या शाईत अंगठ्याच्या नखाएवढा छापून पाहावा.

गिरगावची चौथी पिढी: चित्र की नाव यावर सगळे तावातावाने बोलत आहेत, नाव कोणत्या लिपीत, हे मात्र कोणीच विचारत नाही. राज्याच्या दुकाने-आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने पाटीवरचे मराठी नाव इतर लिपीपेक्षा लहान असता कामा नये असे ठरले, सर्वोच्च न्यायालयाने दिलेली मुदत २०२३ च्या नोव्हेंबरात संपली आणि आमचा रोमन अक्षरांतला महागडा लोगो एका रात्रीत अर्धवट ठरला. डिझायनरने देवनागरीचे पैसे वेगळे घेतले आणि पाठवले काय? ‘मिठाई’तल्या ‘मि’ची वेलांटी ‘म’च्या उजवीकडे जाऊन बसलेली, आणि ‘स्वाद’मधल्या ‘स’चा पाय मोडून ‘वा’पासून वेगळा पडलेला. तशीच पाटी छापून आली. वेलांटीची जागा ज्याला कळत नाही, त्याने अक्षरांचा लोगो करण्याची सुपारी घेऊ नये.

अक्षरमित्र: सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जोडणी सुरू केली नसली की असे होते. चूक त्या डिझायनरची आहे, हे मान्य. परंतु छापण्यापूर्वी नमुना तुम्हीही पाहिलाच असेल ना? आणि गिरगावात दुकान असून दंडाची भीती दिसेपर्यंत मराठी पाटीची आठवण झाली नाही, याला काय म्हणावे?

गिरगावची चौथी पिढी: जरा जपून बोला. पणजोबांची पाटी मराठीच होती, रंगाऱ्याने ब्रशने रंगवलेली, आणि तिची शिरोरेषा सुतात होती. ‘देवनागरी आधुनिक दिसत नाही’ असे सांगून ती काढायला लावली ती तुमच्याच व्यवसायातल्या माणसाने, आणि वर आम्हालाच उपदेश!

पार्लेकर: देवनागरी आधुनिक दिसत नाही म्हणणाऱ्याला खिशातली नोट काढून दाखवावी. पवईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदय कुमार यांचे, २०१० मध्ये स्वीकारले गेलेले रुपयाचे चिन्ह म्हणजे आपला ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ आहे, शिरोरेषेसकट. आता अक्षरमित्रांनी सांगावे, ते अक्षर की चित्र?

अक्षरमित्र: दोन्ही. ठीक आहे, माझे विधान जरा सरसकट झाले. नाव वेगळे आणि लहान असेल तर अक्षरे पुरतात. गल्लीभर एकच नाव असेल तर सोबत चित्र लागते.

लालबागची मिरचीवाली: उपकार झाले. म्हणजे आता माझ्या मुसळाला परवानगी मिळाली म्हणायची.

अक्षरमित्र: काकू, मुसळ जरूर ठेवा. फक्त त्या बांगड्या काढा; सहा बारीक रेघा आहेत, लहान पुडीवर त्यांचा नुसता काळा पट्टा होईल.

लालबागची मिरचीवाली: काल रात्री पार्लेकरांच्या सांगण्यावरून नखाएवढ्या आकारात छापून पाहिले. पट्टाच होतो. सहाच्या दोन करीन, पण हात मोकळा ठेवणार नाही.