‘इन’ : नकाराचा, आतला आणि इंचाचा

प्रश्न : ‘इनव्हिजिबल’ म्हणजे न दिसणारा, ‘इनकरेक्ट’ म्हणजे चुकीचा. मग टँकरवर लिहिलेल्या ‘इनफ्लेमेबल’चा अर्थ ‘न पेटणारा’ असा का होत नाही? आणि ‘पेनिसिलिन’च्या शेवटी येणारा ‘इन’ कोणता?

उत्तर : लॅटिनमध्ये ‘इन’ हे उपसर्ग दोन होते, दिसायला अगदी सारखे. एक नकाराचा. तो आणि आपला ‘अ/अन्’ एकाच मुळातून आलेले. स्वरापुढे आपला ‘अ’ ‘अन्’ होतो (अशक्य, पण अनावश्यक), तसा हा ‘इन’ पुढच्या व्यंजनाप्रमाणे वळतो : इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. दुसऱ्या ‘इन’चा अर्थ ‘आत’. कधी तो नुसता क्रियेला जोर देतो. ‘इनफ्लेमेबल’मध्ये हा दुसरा आहे. लॅटिन ‘इन्फ्लामारे’ म्हणजे पेटवणे, म्हणून सहज पेट घेणारे ते इनफ्लेमेबल. डॉक्टर ‘इन्फ्लमेशन’ म्हणतात, तो दाहही याच धातूतला.

हा घोळ जिवावर बेतू शकतो. म्हणूनच अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात ‘इन’ गाळून ‘फ्लेमेबल’ वापरा असा आग्रह धरला. आपल्याकडे मात्र १९५२च्या कायद्याचे नावच ‘इनफ्लेमेबल सबस्टन्सेस अ‍ॅक्ट’ आहे. माझे स्पष्ट मत असे की पाटीवर ‘ज्वालाग्राही’ किंवा ‘ज्वलनशील’ आधी आणि मोठ्या अक्षरांत हवे. त्यांचा उलटा अर्थ कोणी लावू शकत नाही.

नकाराचा ‘इन’ही दर वेळी सरळ नसतो. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, तर मोल करता येणार नाही असे. आपले ‘अमूल्य’ अगदी याच घडणीचे. ‘इन्फेमस’ म्हणजे अप्रसिद्ध नाही, कुप्रसिद्ध.

आता प्रत्यय. पेनिसिलिन, हिमोग्लोबिन, केराटिन यांतला ‘इन’ रसायनशास्त्राने पदार्थांना नावे देण्यासाठी रुळवलेला आहे. ‘व्हिटॅमिन’ची गोष्ट वेगळी. १९१२ साली कासिमिर फुंक या पोलिश जीवरसायनशास्त्रज्ञाने ‘व्हायटल’ आणि ‘अमाइन’ (नायट्रोजन असलेले एक प्रकारचे संयुग) जोडून ते नाव घडवले. पुढे ही सगळी द्रव्ये अमाइन नसतात हे कळले, तेव्हा १९२० मध्ये इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा ‘ई’ काढून टाकला गेला. मला सर्वांत आवडणारा शब्द ‘इन्सुलिन’. दोन्ही टोकांना ‘इन’, आणि नकार कुठेच नाही! ‘इन्सुला’ म्हणजे बेट. स्वादुपिंडातल्या बेटांसारख्या पेशीसमूहांतून ते स्रवते, म्हणून हे नाव. शेवटचा ‘इन’ तेवढा प्रत्यय.

संक्षेपात ‘इन.’ म्हणजे इंच, २.५४ सेंटिमीटर. पुढचे टिंब सहसा गाळत नाहीत, नाहीतर तो शब्दयोगी ‘इन’ वाटतो. मूलद्रव्यांच्या तक्त्यात ४९व्या क्रमांकाला ‘इन’ म्हणजे इंडियम. १८६३ साली जर्मनीत त्याच्या वर्णपटात गडद निळी रेषा दिसली, म्हणून ‘इंडिगो’वरून नाव पडले. इंडिगो म्हणजे नीळ, आणि त्या शब्दाचे मूळ ग्रीक ‘इंडिकॉन’, म्हणजे हिंदुस्थानातले.

पुढची शंका : ‘सिट-इन’मधला ‘इन’ यांतला कोणता?

उत्तर : यांतला कोणताच नाही. तो इंग्रजीचा घरचा, साधा क्रियाविशेषण ‘इन’. १ फेब्रुवारी १९६० रोजी अमेरिकेत ग्रीन्सबरो इथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातल्या गोऱ्यांसाठी राखलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले आणि हलले नाहीत. तेव्हापासून हा शब्द सर्वतोमुखी झाला. त्याच धर्तीवर १९६५ मध्ये ‘टीच-इन’ (विद्यापीठात निषेध म्हणून भरवलेली व्याख्याने-चर्चा) आला. ‘सिट-इन’ला मराठीत ‘ठिय्या’ म्हणावे. ‘धरणे’पेक्षा तो जवळचा आहे.